दादरा बांधलेली बरणी

कैरीचं लोणचं मुरायला ठेवलं की बरणीच्या तोंडाशी दोन बोटं तेल तरंगायला हवं, वर दादरा घट्ट बांधलेला हवा आणि आत जाणारा चमचा ठणठणीत कोरडा हवा. एवढं करूनही श्रावणात पांढरी बुरशी दिसलीच, तर घरात चौकशी बसते. फोडी नीट सुकल्या नव्हत्या का? बरणीला ऊन दाखवलं नव्हतं का? की कोणी आमटीतला चमचा तसाच आत घातला? बुरशी सगळ्यांनाच दिसते. ती कुठून आली, यावर मात्र दोन जावांचं कधी एकमत होत नाही.

पृथ्वीवरचं जीवन अवकाशातून आलं का, हा प्रश्न मला याच चौकशीच्या जातीचा वाटतो. गेली दीडशे वर्षं माणसं आकाशातून आलेल्या दगडांत, धुळीत, हवेच्या नमुन्यांत जीवनाच्या खुणा शोधताहेत. खुणा सापडतातही. मग पहिला संशय चमच्यावर जातो, आणि बहुतेक वेळा चमचाच ओला निघतो.

आकाशातली वस्तू हाताळून पाहायला बडोद्याबाहेर जायची गरज नाही. दांडिया बाजार असो की मांजलपूर, आपल्या अगाशीवर ती सतत पडत असते. (गच्चीला अगाशी म्हणायची सवय इथल्या मराठीला गुजरातीने लावली, ती इथेही राहू द्या.) अंटार्क्टिकावरच्या कॉन्कॉर्डिया तळाजवळचा स्वच्छ बर्फ वितळवून, गाळून केलेल्या मोजणीचा निष्कर्ष २०२१ साली आला: दर वर्षी सुमारे ५,२०० टन वैश्विक धूळ जमिनीपर्यंत पोहोचते. हा आकडा पृथ्वीच्या क्षेत्रफळावर पसरला तर चौरस मीटरला वर्षाकाठी दहा मायक्रोग्रॅम येतात. हजार चौरस फुटांच्या अगाशीवर वर्षाला जेमतेम एक मिलिग्रॅम, साखरेच्या एखाद-दुसऱ्या दाण्याइतकं वजन. त्याच अगाशीवरून वर्षभरात पाच किलो केर सहज निघतो. म्हणजे पन्नास लाखांत एक.

शहरी केरात हे कण ओळखू येणं अशक्य, असं या विषयातली मंडळी बरीच वर्षं मानत होती. नॉर्वेचा जाझ वादक यॉन लार्सन याने छपरांच्या पन्हाळींतला केर चाळून हे मत मोडीत काढलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे मॅथ्यू गेंज यांच्यासोबतचा त्याचा शोधनिबंध २०१७ साली आला. ऑस्लो, पॅरिस, बर्लिन अशा शहरांतल्या छपरांवरचे पाचशे कण त्यात आहेत. गेंज हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

बडोद्यात हे करायचं तर वेळ निवडावी नवरात्र उलटल्यावरची आणि दिवाळीच्या आधीची. चार महिन्यांच्या पावसाने हलकी माती वाहून नेलेली असते आणि जड कण पन्हाळीच्या तोंडाशी, कोपऱ्यांत थबकलेले असतात. दिवाळी उलटू दिली की काम बिघडलं. फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो. तो जळताना वितळतो, हवेतच थेंब होऊन गोठतो आणि अगाशीवर काळ्याभोर गोळ्यांचा सडा पडतो. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीचे पतंग उडवून झाल्यावर, मांजाची काच असते. ती धारदार, वेडीवाकडी असल्यामुळे डोळ्याला फसवत नाही, बोटात मात्र जाते. फरशी चायना मोझेकची असेल तर उत्तम, कारण तिच्यातून सिमेंटची वाळू सुटत नाही. तिचे सांधे तेवढे जुन्या टूथब्रशने घासून काढावे लागतात.

सुपली प्लास्टिकची घ्यावी; लोखंडी सुपलीचा गंज पुढे चुंबकाला चिकटून ताप देतो. केर बादलीत घालून वर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. हे थेंब विसरलात तर बारीक कण पाण्याच्या पृष्ठभागावरच तरंगत राहतात आणि पालापाचोळ्याबरोबर मोरीत जातात. ढवळायचं, दहा आकडे मोजायचे, गढूळ पाणी ओतून द्यायचं. डाळ धुतो तसं सात-आठ वेळा, पाणी नितळ दिसेपर्यंत. गाळ ताटात पसरून पूर्ण वाळवायचा आणि त्या खोलीतला पंखा बंद ठेवायचा. मग दोन चाळण्या: वर चाळीस मेशची, म्हणजे भोक सुमारे ०.४ मिलिमीटरचं, आणि खाली शंभर मेशची, सुमारे ०.१५ मिलिमीटरची. वरच्या चाळणीतून उतरलेला आणि खालच्या चाळणीत अडकलेला माल आपला. चहाच्या गाळणीवर भागवू पाहणाऱ्यांना रेती मिळते.

चुंबक नियोडिमियमचा, आणि तो प्लास्टिकच्या पातळ पिशवीत. वाळलेल्या गाळावरून बोटभर उंचीवर फिरवायचा, पिशवीला कण चिकटले की पांढऱ्या कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर काढायचा. कण आपोआप गळतात. उघडा चुंबक फिरवला तर चिकटलेला माल जन्मभर निघत नाही. चुंबकावर जमणाऱ्या काळ्या वाळूने हुरळून जाऊ नये. पावागडापासून माळव्यापर्यंत पसरलेल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं आणि ते वाऱ्यावरून, बांधकामाच्या वाळूतून सगळीकडे पोचलेलं असतं. त्याचे दाणे कोनदार, चकचकीत असतात. आपल्याला हवा गोल किंवा किंचित लांबट, मंद काळपट दाणा. आकार खसखशीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. या पद्धतीची एक खोट सांगायलाच हवी: ज्या वैश्विक कणांत लोखंड फार कमी आणि काच जास्त, ते चुंबकाला दाद देत नाहीत आणि केराबरोबरच जातात. हाती येतो तो आकाशाचा निवडलेला भाग.

मग सूक्ष्मदर्शक. संगणकाला जोडायचा साधा डिजिटल सूक्ष्मदर्शकही चालतो, पन्नास ते शंभर पट मोठं दिसलं की पुरे. शून्य नंबरच्या ब्रशचं टोक जरा ओलं करून एकेक गोल दाणा उचलायचा आणि दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या टेपवर बसवायचा. इथून खरी कसोटी. गोल दाणे शेकड्यांनी सापडतात आणि जवळजवळ सगळे आपलेच असतात. मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, बाजूने वारा असेल तर वेल्डिंग आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांचे गोळे: निळसर काळे, गुळगुळीत, बरेचदा आतून पोकळ, काहींना शेपटी. काचेसारखे स्वच्छ, एकसारखे मणी दिसले तर ते रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगातले. फिकट, बुडबुडे भरलेले गोळे कोळशाच्या राखेतले. वैश्विक दाण्याचा पृष्ठभाग असा घोटीव नसतो. ओल्या बुंदीवर बारीक कंगवा ओढावा तशा समांतर रेघा असतात, किंवा झाडाच्या फांद्यांसारखी स्फटिकांची नक्षी. कधी एका टोकाला निकेल-लोखंडाचा इवलासा मणी बाहेर डोकावतो. रेघा पडतात त्या ऑलिविन खनिजाच्या. वितळलेला थेंब काही सेकंदांत गोठताना तसे स्फटिक वाढतात, आणि ग्राइंडरच्या ठिणगीत मॅग्नेशियम नसल्यामुळे ते तिथे होत नाहीत. शेवटचा शिक्का इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या मूलद्रव्य-तपासणीचा. मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि लोखंड मुबलक, कॅल्शियम-अॅल्युमिनियम थोडं, मण्यात निकेल: असं गणित जुळलं की दाणा आकाशातला.

एवढा खटाटोप करून हाती आलेला दाणा जीवनाबद्दल काय सांगतो? जवळजवळ काहीच नाही. तो जळालेला असतो. सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने तो वातावरणात शिरतो, जमिनीपासून शंभर-ऐंशी किलोमीटरवर त्याचा वेग मोडतो, आणि त्या काही सेकंदांत तो वितळण्याइतका तापतो. रेघा त्याचीच साक्ष देतात. त्यात कार्बनची संयुगं असलीच तर तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी गत होते. न वितळता उतरतात ते बहुधा पन्नास मायक्रोमीटरहून लहान. आपल्या चाळणीतून ते केव्हाच खाली गेलेले असतात. दगड मोठा असला की चित्र बदलतं. त्याचं साल जळतं आणि गाभा थंड राहतो.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ असाच दगड फुटून पडला, तुकड्यांचं वजन शंभर किलोच्या वर. त्यात सत्तरहून अधिक अमिनो आम्लं सापडली. प्रथिनं बांधायला जीवसृष्टी वीसच वापरते. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा पुरावा हाच आहे. वाण्याच्या दुकानात सगळंच असतं. एका घरच्या यादीत ठरावीक जिन्नस असतात. रसायनशास्त्र आपलं आपण चालतं तेव्हा जे जे जमू शकतं ते सगळं थोडं थोडं बनतं. जीव मात्र यादी घेऊन येतो. मर्चिसनमध्ये दुकान सापडलं, यादी सापडली नाही. वर त्यातल्या काही रेणूंमध्ये जड कार्बनचं, म्हणजे कार्बनच्या जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण पृथ्वीवरच्या जीवांपेक्षा इतकं जास्त होतं की ते हात लागून आलेले असणं शक्य नव्हतं. किराणा आकाशातून आला, यावर त्यानंतर फारसा वाद उरला नाही. वाद आहे तो स्वयंपाक कुठे झाला याचा.

स्वयंपाकही वरूनच शिजून आला, हे मत जुनं आहे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १९०३ साली सूक्ष्म बीजाणू प्रकाशाच्या दाबाने ताऱ्याताऱ्यांमध्ये प्रवास करत असतील असं मांडलं. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांनी ते पुढे फार ताणलं. आपल्या मराठी घरांत हा विषय पोचला तो जयंत नारळीकरांमुळे. हॉइल यांचे ते विद्यार्थी, आणि नुसता वाद घालण्यापेक्षा वर जाऊन हवा आणून तपासावी म्हणणारे.

ती हवा खरोखर आणली गेली. २० एप्रिल २००५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधल्या बलून केंद्रातून २ कोटी ६७ लाख घनफुटांचा फुगा सुटला. खाली ४५९ किलोंचं सामान, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन. निऑनमध्ये बुडवलेल्या सोळा स्टेनलेस स्टीलच्या नळ्या, निर्जंतुक केलेल्या आणि आतून निर्वात. निऑनच कशाला? एकेचाळीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या साडेतीनशेव्या हिश्शाहून कमी असतो; नुसती झडप उघडून नळीत चिमूटभरही हवा भरणार नाही. द्रवरूप निऑन उणे २४६ अंशांवर असतं. नळीत शिरलेला नायट्रोजन, ऑक्सिजन भिंतीवर लगेच गोठतो, आतला दाब पुन्हा शून्याकडे जातो आणि बाहेरची हवा ओढली जात राहते. स्वस्तातलं द्रवरूप नायट्रोजन वापरलं असतं तर इतक्या विरळ दाबाला हवेतला नायट्रोजन गोठलाच नसता आणि हवा ओढली जाणं थांबलं असतं.

वीस ते एकेचाळीस किलोमीटरमधली हवा भरून नळ्या पॅराशूटने उतरल्या. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासणी केली: बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती पूर्वी कुठेच न नोंदलेल्या. एकीला हॉइल यांचं नाव मिळालं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं. तिन्ही जाती आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील किरण जास्त सोसतात. मार्च २००९ मध्ये हे जाहीर करताना इस्रोने स्वच्छ लिहिलं की यातून परग्रहीय उगम निर्णायकपणे सिद्ध होत नाही. अशा वाक्यांना टाळ्या मिळत नाहीत, पण प्रयोगाची पत त्या वाक्यात आहे.

अडचण नळ्यांच्या स्वच्छतेपलीकडची होती. हे जिवाणू ओळखले गेले ते त्यांच्यातल्या १६-एस या जनुकाच्या क्रमावरून. तो क्रम वाचायला वापरलेली साधनं पृथ्वीवरच्या जिवाणूंवरून घडवलेली. साधन चाललं याचाच अर्थ हे जीव आपल्या गोत्रातले. आता दोन वाटा: ते खालून वादळ-ज्वालामुखीबरोबर वर गेले, किंवा आपण सगळेच त्यांच्या वाटेने खाली आलो. दोन्हींत रक्ताचं नातं सारखंच दिसणार. जिवाणूची पत्रिका कितीही बारकाईने वाचली तरी तो कोणत्या दिशेने निघाला होता हे तीत लिहिलेलं नसतं. आपल्या दाराशी पकडलेल्या जिवाणूने हा प्रश्न सुटायचा नाही. आपलं गोत्र नसलेला जीव तरी सापडायला हवा, किंवा जिथे आपला हात कधी लागला नाही अशी जागा तरी.

प्रवास शक्य आहे का, एवढं मात्र तपासता येतं, आणि तपासलंय. ग्रहांवरून दगड ये-जा करतात: बिहारमधल्या शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेला दगड मंगळाचा आहे. अंटार्क्टिकात १९८४ साली सापडलेला मंगळाचा दुसरा एक दगड प्रवासात आतून चाळीस अंशांपलीकडे तापलाच नव्हता, असं त्यातल्या चुंबकत्वावरून दिसलं. जपानच्या तानपोपो प्रयोगात डाइनोकॉकस जिवाणूंचे वाळवलेले थर अंतराळ स्थानकाबाहेर तीन वर्षं टांगून ठेवले. अर्धा मिलिमीटर जाडीच्या गोळीत वरचे मेले आणि त्यांच्या मढ्यांखालचे जगले. उलट, उपग्रहाच्या उष्णतारोधक कवचावर दगड बसवून त्यात सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर जगणारे जिवाणू) पेरले तेव्हा परतीच्या तापात पाच मिलिमीटर खोलीवरचेही वाचले नाहीत. वाट आहे, पण पातळ सालाच्या दगडाला ती नाही.

आता चमच्यांची यादी. फ्रान्समध्ये ओरग्वेय इथे १४ मे १८६४ रोजी पडलेल्या कार्बनयुक्त दगडाचा एक तुकडा काचेच्या बरणीत बंद करून ठेवला होता. शंभर वर्षांनी ती बरणी उघडली तर आत वनस्पतीचं बी! बारकाईने पाहिल्यावर बी लव्हाळ्याचं निघालं, डिंकाने चिकटवलेलं आणि वर कोळशाची भुकटी लावून झाकलेलं. दगड पडला त्या वर्षी पाश्चर यांचा आपोआप जीव उत्पन्न होण्यावरचा वाद रंगात होता. कुणीतरी गंमत केली आणि ती कोणाच्या लक्षातच आली नाही. ती बरणी निदान बंद तरी होती.

सर्व्हेयर-३ हे यान १९६७ साली चंद्रावर उतरलं. अडीच वर्षांनी अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी त्याचा कॅमेरा काढून परत आणला, तर आतल्या फोममध्ये माणसाच्या तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस मिळाला. चंद्रावर अडीच वर्षं जगलेला जंतू म्हणून तो पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे तपासणीचं चित्रीकरण पाहिल्यावर दिसलं की हाताळणाऱ्यांचा पेहराव आणि पद्धत फार ढिसाळ होती. जंतू चंद्रावर गेला असण्यापेक्षा टेबलावर आला असण्याचाच संभव जास्त.

आणि गेंज. जपानच्या हायाबुसा-२ ने र्‍युगू लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम माती आणली, डिसेंबर २०२० मध्ये. तिचा एक कण गेंज यांच्या चमूकडे आला. काही दिवसांनी त्यावर धाग्यांसारखे जीव दिसले: आधी अकरा, मग एकशे सत्तेचाळीस. वाढीची गती पृथ्वीवरच्या सामान्य जिवाणूंचीच. नमुना हवेला लागला आणि आपल्या जंतूंनी तो चाटून खाल्ला. पन्नास लाखांत एक दाणा शोधणाऱ्या माणसाच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट घडली, म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. निष्काळजीपणा हे तिचं स्पष्टीकरण नाही. लघुग्रहाची माती आपल्या जंतूंना आवडते, एवढाच तिचा अर्थ.

पण चमच्यावर आंधळा संशय घेणंही महागात पडतं. १९७६ साली मंगळावर उतरलेली दोन्ही व्हायकिंग यानं निघण्यापूर्वी सुमारे ११२ अंशांवर तीस तास भाजली होती, अक्षरशः ओव्हनमध्ये. मंगळाची माती तापवल्यावर त्यांच्या उपकरणाला क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन मिळालं. ही तर सफाईच्या द्रावकांची नावं, म्हणून ते घरचंच प्रदूषण ठरवून बाजूला टाकलं. बत्तीस वर्षांनी, २००८ मध्ये, फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा क्लोरीनयुक्त क्षार सापडला. परक्लोरेट असलेल्या मातीत सेंद्रिय पदार्थ तापवले की नेमकी हीच दोन संयुगं बनू शकतात. कदाचित मंगळाचा कार्बन १९७६ सालीच हाती आला होता आणि ‘चमचा ओला असेल’ म्हणून आपण तो टाकून दिला. म्हणून चमचा कोरडा असणं पुरत नाही. तो कोरडा होता याची नोंद लागते.

बडोद्यातल्या औषध कंपन्यांत आयुष्य घालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. इंजेक्शन भरायच्या खोलीत जेलीच्या उघड्या बश्या चार-चार तास ठेवतात, सेटल प्लेट म्हणतात त्यांना. बशीत काही उगवलं नाही, तरच बाटलीत काही नाही असं म्हणता येतं. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स या गाडीत ४३ नळ्या आहेत आणि त्यातल्या पाच अशाच साक्षीदार: त्यांत दगड भरायचा नाही, फक्त आजूबाजूचं काय लागतं ते टिपायचं. वाडी-वाडीतल्या ज्या साराभाई केमिकल्सचा कारभार विक्रम साराभाई यांनी पाहिला, तिथली शिस्त आणि अवकाशातली ही शिस्त एकाच घराण्यातली आहे, असं मला नेहमी वाटतं.

या शिस्तीचं आजवरचं सर्वांत मोठं फळ बेन्नूचं. नासाचं ओसायरिस-रेक्स यान ८ सप्टेंबर २०१६ रोजी निघालं. २० ऑक्टोबर २०२० रोजी त्याने बेन्नू लघुग्रहाला हात टेकवून नायट्रोजनचा झोत सोडला आणि उडालेली माती गोळा केली. माती अपेक्षेपेक्षा इतकी जास्त आली की खडे अडकून झाकण बंदच होईना आणि कण बाहेर सांडू लागले. ठरलेली मोजणी सोडून सगळं घाईने डब्यात कोंबावं लागलं. २४ सप्टेंबर २०२३ रोजी डबा अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरला. मग ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत पस्तीसपैकी दोन स्क्रू निघेनात. हातातली अवजारं बदलून भागणार नव्हतं, कारण नायट्रोजन भरलेल्या पेटीत चालणारी, ठरलेल्या धातूचीच अवजारं आत नेता येत होती. नवी घडवून जानेवारी २०२४ मध्ये ते स्क्रू सुटले. एकूण माती १२१.६ ग्रॅम. नायलॉनला तर या कामात थाराच नाही, कारण नायलॉनच्या पिशवीतून अमिनो आम्ल झिरपतं. आधी आणलेल्या एका धूमकेतूच्या नमुन्यांत ते लागलेलं होतं.

मिळालं काय? जीवसृष्टीच्या वीसपैकी चौदा अमिनो आम्लं. डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं. पुढे रायबोज साखरही. आणि खाऱ्या पाण्याचं डबकं आटत गेल्यावर उरतात ते क्षार, त्यात ट्रोना: आपल्या पापडखाराच्या जातकुळीतला, लोणारच्या सरोवरात सापडतो तो. उल्कापाषाण जमिनीवर पडले की हवेतल्या दमटपणाने हे क्षार विरघळून जातात, म्हणून शंभर वर्षं संग्रहालयांत दगड असूनही ते कोणाला दिसले नव्हते. बंद डब्याची किंमत इथे कळते. एक अपेक्षा मात्र मोडली. अमिनो आम्लांची डावा-उजवा हात असावेत तशी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं असतात; जीवसृष्टी डाव्या हाताची वापरते. मर्चिसनमध्ये काही आम्लांत डावी थोडी जास्त होती, म्हणून ही सवयही आकाशातून आली असेल असं म्हटलं जायचं. बेन्नूत डावी-उजवी सारखीच निघाली.

मोहिमेचा खर्च सुमारे १.१६ अब्ज डॉलर. ग्रॅमला जवळपास पंचाण्णव लाख डॉलर. महाग आहे का? मला वाटतं प्रश्न उलटा विचारावा: कोणत्या खर्चात बरणी बंद राहते? माणसाच्या अंगात जवळपास अडतीस लाख कोटी जिवाणू असतात. मंगळावर माणूस पाठवणं म्हणजे सगळ्यात ओला चमचा सगळ्यात आधी घालणं. झेंडे, पाऊलखुणा, थेट प्रक्षेपण यांना मी कमी लेखत नाही. पण जीवनाच्या उगमाचं नाव पुढे करून त्यासाठी पैसे मागू नयेत. माणूस उतरल्यानंतर तिथे सापडलेल्या प्रत्येक जिवाणूवर कायमचा संशय राहील. पर्सिव्हिअरन्सने जुलै २०२४ मध्ये एका ठिपकेदार दगडातून घेतलेला नमुना जीवनाची संभाव्य खूण म्हणून २०२५ साली प्रसिद्ध झाला, आणि तो नळीत बंद होऊन तिथेच पडून आहे. परत आणायच्या योजनेचा अंदाज ११ अब्ज डॉलरपर्यंत फुगला आणि ती रखडली. माझं मत विचाराल तर अवकाशाच्या सगळ्या खर्चात पहिला हक्क त्या नळीचा.

आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये चंद्रयान-४ ला मंजुरी मिळाली, २,१०४.०६ कोटी रुपयांची. चंद्रावरची माती भारतात आणायची मोहीम. तिथे जीव मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण सील करायचं, न सांडता आणायचं, उघडायची पेटी बांधायची आणि साक्षीदार बशी ठेवायची, हा हातखंडा चंद्राच्या मातीवरच बसतो.

अपोलो-१७ ने डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावर ठोकलेल्या एका नळीचा खालचा भाग तिथेच निर्वात डब्यात बंद केला होता. पुढच्या लोकांकडे चांगली उपकरणं असतील म्हणून तो जवळजवळ पन्नास वर्षं कोणी उघडला नाही. मार्च २०२२ मध्ये तो उघडला, तेव्हा उघडणाऱ्यांपैकी काहीजण तो भरला गेला त्या वेळी जन्मलेलेही नव्हते. बेन्नूच्या मातीतलाही सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा तसाच ठेवलाय, दादरा बांधून.